पेल मून ब्राउझर अपडेट केल्यापासून बिघडलाय, दोनदा अनइन्स्टॉल करूनही तसाच. जुनी आवृत्ती परत टाकू का?

नका टाकू. निदान आज तरी नको.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: विंडोजवर पेल मूनची २८ वी आवृत्ती बरीच वर्षं तशीच चालवलीत आणि परवा एकदम ३३ वर गेलात. आता निम्मी एक्स्टेन्शन्स (म्हणजे अ‍ॅड-ऑन, ब्राउझरला जोडायचे छोटे जादा प्रोग्रॅम) बंद, काही साइट्स नुसत्या पांढऱ्या, आणि पान खाली सरकवलं की मध्येच काळे पट्टे. दोनदा काढून नव्याने टाकला, पण फरक शून्य.

फरक पडणार नव्हताच. पेल मूनचे दोन वेगळे भाग तुमच्या कॉम्प्युटरवर असतात. एक प्रोग्रॅम, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसलेला भाग, आणि दुसरं प्रोफाइल, ज्यात तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स सगळं असतं. अनइन्स्टॉल केलं की पहिला भाग जातो, दुसरा जागच्या जागी राहतो. नवा प्रोग्रॅम आला की तो निमूटपणे त्याच जुन्या प्रोफाइलला जाऊन चिकटतो. म्हणजे घराला नवा रंग दिलात आणि गळणारा नळ तसाच ठेवलात. तुमचा बिघाड बहुधा प्रोफाइलमध्येच आहे, आणि तो तिथेच शोधायला हवा.

काहीही करण्याआधी प्रोफाइलची कॉपी काढा. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट:सपोर्ट टाइप करा (इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता). जे पान उघडेल त्यात प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. फोल्डर उघडला की ब्राउझर पूर्ण बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये तो अजून रेंगाळत नाही ना हे बघा, आणि मग अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ब्राउझर चालू असताना कॉपी केलीत तर डेटाबेसच्या फाइल्स अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत येऊ शकतात, आणि अशी कॉपी नेमकी गरजेच्या दिवशी दगा देते.

आता प्रोग्रॅमला कोरं प्रोफाइल देऊन बघायचं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत पेलमून लिहा (हेही इंग्रजीत, एकच शब्द), एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून कॅपिटल पी. प्रोफाइल मॅनेजरची छोटी खिडकी येईल. तिथे नवीन प्रोफाइल बनवा, कसलंही नाव द्या, आणि तेच निवडून ब्राउझर सुरू करा. या खिडकीत एक खड्डा आहे: प्रोफाइल डिलीट करायला गेलात की ती विचारते, फाइल्सही पुसू का? तिथे घाईत हो म्हटलंत की वर्षानुवर्षांचे बुकमार्क गेले. जुन्या प्रोफाइलला सध्या हातच लावू नका.

कोऱ्या प्रोफाइलमध्ये सगळं ठीक चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलचा. तिथेही साइट पांढरीच राहिली तर दोष त्या साइटच्या आणि ब्राउझरच्या जमण्या-न जमण्याचा. या एका चाचणीने निम्मं काम होतं. ती न करता लोक दोन-दोन दिवस सेटिंग्जमध्ये भटकत बसतात. मीही बसलोय.

काळे पट्टे आधी निपटून टाका, ते सोपं आहे. ही जवळपास नेहमी ग्राफिक्सची भानगड असते: नवी आवृत्ती पान रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देते आणि जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, गोंधळतो. सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची खूण काढा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. पट्टे गेले तर कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा आणि खूण परत लावून बघा.

एक्स्टेन्शन्सचा मामला मोठा आहे. पेल मून २००९ मध्ये सुरू झाला तो फायरफॉक्सचीच जरा हलकी, घासून-पुसून घेतलेली आवृत्ती म्हणून. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. फायरफॉक्सच्या इंजिनाचं, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या गाभ्याचं, नाव गेको, पेल मूनने त्यातून स्वतःचं काढलं ते गोअ‍ॅना. गेको म्हणजे पाल, आणि गोअ‍ॅना ही ऑस्ट्रेलियातली घोरपड. पालीतून घोरपड निघाली, आणि ती नावाला जागून जुन्या पद्धतीच्या एक्स्टेन्शन्सना चिकटून राहिली. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत ती पद्धत सोडली, पेल मूनने सोडली नाही. त्यामुळे आज फायरफॉक्स किंवा क्रोमसाठी जे एक्स्टेन्शन मिळतं ते इथे बसत नाही. इथे चालतात ती पेल मूनसाठी केलेली, किंवा जुन्या पद्धतीची, आणि तीही कोणीतरी सांभाळत असेल तरच. उदाहरणार्थ जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनची इथे चालणारी मालिका १.१६.४ ची आहे, फायरफॉक्सवाली ताजी नव्हे.

तुमची बंद पडलेली एक्स्टेन्शन्स या चाळणीतून घाला: पेल मूनच्या स्वतःच्या अ‍ॅड-ऑन साइटवर त्याचं नवं रूप आहे का? असेल तर तिथून घ्या. नसेल तर सोडून द्या. आवृत्तीची तपासणी बंद करून मेलेलं एक्स्टेन्शन जबरदस्तीने चालू करायचे उपाय सांगणारे भेटतील. मला तो उद्योग पटत नाही. ते वरवर चालतं आणि तीन आठवड्यांनी भलत्याच ठिकाणी काहीतरी मोडतं, तोवर तुम्ही काय केलं होतंत हे तुम्हालाच आठवत नसतं.

आता जी चालू आहेत त्यांतलं घोळ घालणारं कोणतं? हेल्प मेन्यूतून अ‍ॅड-ऑन्स बंद ठेवून ब्राउझर पुन्हा सुरू करा. मधे येणाऱ्या खिडकीत रीसेट करण्याच्या वगैरे चौकटी दिसल्या तर त्यांवर खूण करू नका, नुसतं सेफ मोडमध्ये पुढे जा. इथे बरेच जण फसतात. सेफ मोडमध्ये सगळं ठीक दिसलं म्हणजे एक्स्टेन्शनच चोर, असं ते धरून चालतात. पण सेफ मोड एक्स्टेन्शन्सबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद करतो. म्हणून पट्ट्यांचं काम आधी संपवा म्हटलं. त्यानंतर नेहमीच्या मोडमध्ये येऊन निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करा. दुखणं गेलं तर ते बंद केलेल्यांत, राहिलं तर चालू असलेल्यांत. पुन्हा निम्मी. सोळा असली तरी चार फेऱ्यांत चोर सापडतो.

पांढऱ्या साइट्सबद्दल खरं सांगायचं तर काही सुटतील, काही नाही. अशा एखाद्या साइटवर असताना कंट्रोल, शिफ्ट आणि के एकदम दाबा. खाली कन्सोल उघडेल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी पट्टी. पान रीलोड करा आणि लाल रंगातली पहिली ओळ वाचा. तिथे सिंटॅक्स एरर दिसलं तर त्या साइटच्या जावास्क्रिप्टमध्ये गोअ‍ॅनाला न कळणारं काहीतरी नवं व्याकरण आहे. जावास्क्रिप्टची अडचण अशी की फाइलमध्ये एक खूण जरी कळली नाही तरी ब्राउझर ती अख्खी फाइल फेकून देतो, त्यातला पहिला शब्दसुद्धा चालवत नाही. आजकाल अख्खं पानच त्या फाइलमधून उभं राहतं, म्हणून एक खूण अडली की पान कोरं. यावर तुमच्या हातात उपाय नाही, पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

लाल ओळ नसेल आणि साइट नुसतं "तुमचा ब्राउझर जुना आहे" म्हणून हाकलत असेल, तर ती फक्त नाव बघून हाकलते आहे. सेटिंग्जमध्ये यूजर एजंटचा, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो त्या स्वतःच्या ओळखीचा, प्रकार निवडता येतो; तो फायरफॉक्सशी जुळणारा ठेवा. एकाच साइटचा प्रश्न असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये (हेही बारीक सेटिंग्जचं पान, तसंच टाइप करून उघडतं) जनरल.यूजरएजंट.ओव्हरराइड आणि पुढे टिंब देऊन त्या साइटचं नाव, अशी नवी नोंद करा आणि किंमत म्हणून ताज्या फायरफॉक्सची ओळख लिहा. सगळीकडे खोटं नाव सांगत फिरू नका. काही साइट्स नाव बघून जास्तच नवा कोड पाठवतात आणि चालणारं पानही बंद पडतं.

आणि पैसे भरून बघायच्या सिनेमांच्या साइट्स किंवा ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालत नसतील तर दुरुस्ती शोधत बसू नका. कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ उघडणारा वाइडवाइन हा भाग पेल मूनमध्ये नाही, आणि व्हिडिओ कॉलसाठी लागणारं वेबआरटीसीही अधिकृत आवृत्तीत नाही. ती कामं दुसऱ्या ब्राउझरवर करा. मी तेच करतो.

आता जुन्या आवृत्तीचं. दोन कारणांनी नको म्हणतो. एक, ३३ ने एकदा हात लावलेलं प्रोफाइल २८ ला नीट वाचता येईलच असं नाही; ब्राउझर प्रोफाइल पुढे नेतो, मागे आणायची सोय करत नाही. दुसरं, सुरक्षेची दुरुस्ती नसलेला ब्राउझर रोज नेटवर नेणं धोक्याचं, आणि जुन्या आवृत्त्या कुठून उचलायच्या हाही प्रश्न आहेच. जुलै २०१९ मध्ये पेल मूनच्याच जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या सर्व्हरवर कोणीतरी घुसल्याचं उघड झालं. २७.६.२ आणि त्याआधीच्या विंडोज फाइल्समध्ये व्हायरस भरलेला निघाला. चालू आवृत्ती जिथून मिळते तो सर्व्हर वेगळा होता, म्हणून तिथून घेणारे वाचले.

माझा स्वतःचा किस्सा भाषेच्या पॅकचा, म्हणजे ब्राउझरचे मेन्यू दुसऱ्या भाषेत दाखवणाऱ्या जोडणीचा. ब्राउझर अपडेट केला, पॅक जुनाच राहिला. पुढच्या वेळी उघडला तर ना मेन्यू, ना बटणं. नुसती पिवळट खिडकी आणि लाल अक्षरांत "एक्सएमएल पार्सिंग एरर: अनडिफाइन्ड एन्टिटी". मला वाटलं हार्ड डिस्कच गेली. प्रत्यक्षात नव्या मेन्यूतल्या एका शब्दाचं भाषांतर जुन्या पॅकमध्ये नव्हतं, एवढंच. ब्राउझर बंद ठेवून प्रोफाइलमधली प्रेफ्स.जेएस ही सेटिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, जनरल.यूजरएजंट.लोकेल असलेली ओळ पुसली, की इंग्रजीत सुरू झाला. मग आवृत्तीला जुळणारा पॅक टाकला. तुम्हीही इंग्रजीशिवाय दुसरा पॅक वापरत असाल तर तो आधी तपासा.

जुनं प्रोफाइल सुधारण्यापलीकडे गेलं असेल तर नव्यातच राहा आणि मोजक्या फाइल्स आणा, दोन्ही वेळा ब्राउझर बंद ठेवून. बुकमार्क आणि हिस्ट्रीसाठी प्लेसेस.एसक्यूलाइट. पासवर्डसाठी लॉगिन्स.जेसन आणि तिच्यासोबत 'की' (इंग्रजीतली किल्ली) या अक्षरांनी सुरू होणारी .डीबी फाइल, ही जोडी एकत्रच आणा, किल्लीशिवाय कुलूप उघडत नाही. प्रेफ्स.जेएस आणि एक्स्टेन्शन्सचा फोल्डर मात्र तिकडेच राहू द्या, दुखणं बहुतेक त्यांच्यातच असतं.

कोऱ्या प्रोफाइलमध्येही एखादी साइट पांढरीच राहिली तर कन्सोलमधली ती पहिली लाल ओळ जशीच्या तशी इथे लिहा, तिच्यावरून पुढचं सांगता येईल.