मैत्रीण माला डी ही गर्भनिरोधक गोळी घेते, तीच मी सुरू केली तर चालेल का? काय काळजी घ्यावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 24, लग्नाला चार महिने झालेत, दोन वर्षं तरी मूल नको आणि सासूबाई म्हणतात की गोळ्यांनी पुढे दिवस राहत नाहीत. मी डॉक्टर नाही, तालुक्याला आमचं मेडिकल आहे, मी फार्मसिस्ट आहे आणि काउंटरला मीच बसते, त्यामुळे त्या अनुभवावरून सांगते.

सासूबाईंची भीती डोक्यातून काढा. गोळी बंद केली की दिवस राहतात, कुणाला लगेच, कुणाला काही महिने लागतात एवढंच.

पण मैत्रिणीला चालते म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. माला डी मध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं, त्याने रक्तात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. वर्षाला 10,000 बायकांमागे गोळी न घेणाऱ्या 1 ते 5 जणींना गुठळी होते, घेणाऱ्या 3 ते 9 जणींना, आणि गरोदरपणात तर याहून जास्त, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, फक्त बीपी जास्त असेल, डोळ्यासमोर चमकून मग डोकं दुखणारी अर्धशिशी असेल, आधी कधी गुठळी झाली असेल, लिव्हरचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असेल, वय 35 च्या वर आणि सिगारेट असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर ही गोळी नको. यातलं आमच्याकडे कुणी बोलतच नाही हो. बायका दुकानात गर्दी कमी व्हायची वाट बघतात, हळूच "ती माला डी द्या" म्हणतात, पाकीट पर्समध्ये टाकून गेल्या पण. एकदा बीपी तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, आणि डॉक्टरांना बाकीचं सगळं सांगा. टीबीची औषधं (रिफॅम्पिसिन) किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा, त्यांच्यामुळे या गोळीचा असर कमी होतो.

सुरुवात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत करा. रोज एक, ठरलेल्या वेळी, रात्रीच्या जेवणानंतर घेतली की लक्षात राहते. 21 पांढऱ्या संपल्या की 7 तपकिरी. एक बाई त्या तपकिरी गोळ्या घेऊन भांडायला आली होती, म्हणे खराब झालेला माल दिलात, बदलून द्या! त्या आयर्नच्या असतात, त्या दिवसांत पाळी येते. 28 संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट, पाळी चालू असली तरी.

एखादी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त पांढऱ्या विसरल्या तर एक लगेच घ्या, पुढच्या चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर पांढऱ्या संपल्यावर तपकिरी सोडून थेट नवीन पाकीट सुरू करा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर अजून एक घ्या. पहिले दोन-तीन महिने मळमळ, मधेच डाग दिसणं हे होतं, त्यासाठी गोळी बंद करू नका.

आता गौरी-गणपती जवळ आले की आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची. ती नॉरएथिस्टेरॉन, ती गर्भनिरोधक म्हणून नसते, पण पाच-सहा दिवस ती घेतली म्हणजे तेवढे दिवस काळजी नाही असं बऱ्याच जणींना वाटतं. आणि माला डी चालू असताना वर ही गोळी घ्यायची तर गरजच नाही, तपकिरी गोळ्या सोडून पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या चालू करायच्या, पाळी आपोआप पुढे जाते (देवाला पाळी चालते की नाही तो वेगळा विषय, त्यात मी पडत नाही). तसंच संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची इमर्जन्सी गोळी, ती अडीअडचणीची आहे, काही लोक दर महिन्याला दोन-तीन नेतात, त्यांना मी सरळ सांगते की रोजची सुरू करा, स्वस्तही पडेल आणि खात्रीचीही. गर्भपाताची किट तर चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तरी घेऊ नका.

एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे एवढं डोकं दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इस्ट्रोजेनवाली नकोच म्हणाले डॉक्टर, तर सरकारी दवाखान्यात छाया गोळी फुकट मिळते, त्यात हार्मोन नसतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. तुमच्या आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे असते.