सॅक्सोफोनची लय सुधारायला तबल्याचे किंवा दाक्षिणात्य बोल उपयोगी पडतात का?

तुम्ही लिहिलंय की देवगडला बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवता, सूर नीट लागतात, पण जलद ओळ आली की लय पळते आणि मेट्रोनोम लावूनही फरक पडत नाही. बोल म्हणून फायदा होईल का, हा तुमचा प्रश्न. होईल, आणि चांगलाच होईल. मी कुडाळकडे वराती, गणपती, शिमगा असं सगळीकडे सॅक्सोफोन वाजवतो. शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी वाद्य पेटीत ठेवून बोलच म्हणायला लावतो.

मेट्रोनोम मात्रा कुठे पडली एवढंच सांगतो. दोन टिकटिकींच्या मधे चार स्वर सारख्या अंतरावर बसवायचं काम आपल्यावरच राहतं, आणि लय पळते ती नेमकी तिथे. बोल ती मधली जागा भरून काढतात. शिवाय सॅक्सोफोनवर स्वर तोडायला जिभेचं टोक रीडला, म्हणजे माउथपीसवरच्या पातळ पट्टीला लागतं, आणि 'त', 'द' म्हणतानाही हलतं ते तेच टोक. बोल घोटताना तुमची जीभच तयार होत असते.

आता कुठले बोल? कर्नाटक संगीतातल्या कोन्नक्कोलचे, म्हणजे तालाची अक्षरं तोंडाने म्हणायच्या पद्धतीचे. एका मात्रेत चार हवे असतील तर तकदिमि, तीन हवे तर तकिट, पाचाला तदिगिनतोम, सातासाठी तकदिमि तकिट. तबल्याचे धा, धिं, तिरकिट म्हणायला गोड आहेत, पण ते फुंकीतून जसेच्या तसे निघत नाहीत. त्यामुळे मी कामं वाटून देतो. तालाचा सांगाडा हातावर, म्हणजे तीनताल किंवा केरवा टाळीने धरायचा, आणि मात्रेच्या आतली फोड तोंडाने तकदिमित म्हणायची.

'क' जिभेच्या मुळातून येतो. ट्रंपेटवाले जलद ओळीत जीभ अशीच त-क, त-क चालवतात. आपल्या तोंडात माउथपीस असल्यामुळे ते फार कठीण जातं, म्हणून वाद्यावर सगळे स्वर 'त'नेच तोडा. मनात मात्र तकदिमि चालू राहू द्या.

सुरुवात टाळीपासून. संथ टाळी धरा आणि टाळीला एक अक्षर, मग दोन, मग चार म्हणा. टाळीचा वेग बदलता कामा नये, बदलायची ती अक्षरं. दुगुनीतून चौगुनीत जाताना टाळी ओढली जाते का, तिकडे कान ठेवा. बहुतेकांची जाते. लांब स्वरसुद्धा म्हणायचा, ताऽऽऽ असा चारी अंश भरून, कारण घाई करणारा वादक आधी लांब स्वर आणि विराम खातो. हे जमलं की तेच एका स्वरावर फुंका. जी घ्या, तो हाताला सोपा.

मग ज्या ठिकाणी सगळ्यांचीच बोटं अडतात तिथे या. बी, सी शार्प, डी, ई अशी चढती ओळ. मधल्या सी शार्पला सगळी बोटं मोकळी असतात आणि लगेच डीला सहा बोटं एकदम खाली, वर अंगठ्याने ऑक्टेव्ह की, म्हणजे स्वर वरच्या सप्तकात नेणारी कळ. ओळ तकदिमित म्हणत वाजवली तर 'दि' उशिरा येतो आणि तो भरून काढायला 'मि' घाईत उरकला जातो. आधी हे नुसतं ऐका. नंतर तीच ओळ सी शार्पपासून सुरू करा, म्हणजे अवघड जागा त आणि क यांच्या मधे येईल. मग एपासून, म्हणजे ती दि आणि मि यांच्या मधे जाईल. प्रत्येक फोडीतून ओळ सारखी निघाली की पळणं थांबतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. पाच-सातांच्या कसरती नंतर करता येतील.

आठाची एक फोड मात्र लवकर शिका: तकिट तकिट तक. तीन, तीन, दोन. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर वजन द्या आणि हीच आठ अक्षरं सरळ सप्तकावर चढवा. बँडच्या कितीतरी चालींचा ठेका असाच पडतो.

हे वाद्यावर कुठवर जाऊ शकतं ते ऐकायचं असेल तर कद्री गोपालनाथ ऐका. आपल्याच किनाऱ्यावर खाली मंगळूरकडचे, घरात नागस्वरम्, म्हणजे सनईसारखं दाक्षिणात्य वाद्य. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि मग आल्टोवर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. २००४ साली पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. मृदंगाबरोबरचा त्यांचा मात्रांचा हिशेब ऐकताना टाळी धरून बसा.

आणि गुरू शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्याकडे वाडीवाडीत भजनं होतात, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला तर पखवाजवाले जिवाचं रान करतात. त्यांच्याजवळ बसून चौताल म्हणून घ्या: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. बारा मात्रा तोंडी न अडखळता येऊ लागल्या की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे वाजवताना शोधावं लागत नाही.

शेवटी एक तिहाई देतो, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचा तुकडा. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून मात्रेला एक अक्षर धरून तदिगिनतोम म्हणा, एक मात्रा गप्प राहा, पुन्हा म्हणा, पुन्हा एक मात्रा गप्प, आणि तिसऱ्यांदा म्हणा. शेवटचा 'तोम' बरोबर पुढच्या समेवर पडतो. गप्प राहायची मात्रा मनात पूर्ण मोजली नाही, तर तो समेच्या आधीच येतो. तोंडाने पक्की झाली की पाच स्वर निवडून वाद्यावर घ्या. बँडच्या गाण्यात टाकणार असाल तर आधी मास्तरांना आणि ढोलवाल्याला सांगून ठेवा, म्हणजे समेवर तेही तुमच्याबरोबर येतील.