एक्सएसएलटीमध्ये लहान-मोठी अक्षरं सारखी कशी धरायची

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएल डेटाचं रूप बदलणारी भाषा, आणि स्टाइलशीट म्हणजे तिच्यात लिहिलेली फाइल. आधी तिच्या स्टाइलशीट टॅगमधली आवृत्ती बघ (सुरुवातीच्या एक्सएमएल ओळीतली नव्हे) आणि प्रोसेसर, म्हणजे ती फाइल चालवणारा प्रोग्रॅम, खरंच कोणती चालवतो तेही तपास. १९९९ ची १.० असेल, तर लोअर-केस हे सगळी अक्षरं लहान करणारं फंक्शनच नाही. तिथे ट्रान्सलेट हे अक्षरागणिक बदल करणारं फंक्शन वापरायचं: पहिल्या जागी मजकूर, दुसऱ्या जागी सगळी २६ मोठी अक्षरं, तिसऱ्या जागी त्याच क्रमाने लहान. दोन्ही माळा वर एकदाच व्हेरिएबलमध्ये ठेव. दर ठिकाणी नव्याने टंकल्यास एखादं अक्षर गळतंच. मग पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकतात, एरर मात्र येत नाही. आणि उमलाउट किंवा अ‍ॅक्सेंटवाली अक्षरं माळेत नसतील तर ती जशीच्या तशी राहतात.

२.० पासून लोअर-केस आहे. तुलनेच्या दोन्ही बाजूंना लाव. एकच बाजू बदलून डोकं धरून बसलेले मी बरेच पाहिलेत, त्यात मीही होतो. शिवाय त्याला एकाच वेळी अनेक नोड (एक्सएमएलमधले घटक) दिलेस तर टाइप एरर येईल. १.० मधलं ट्रान्सलेट मात्र गुपचूप पहिला नोड उचलतं.

२.० मधल्याच मॅचेस या फंक्शनला लहान-मोठं न पाहणारा ‘आय’ फ्लॅग देता येतो, पण ते रेगेक्स (नमुना जुळवणं) आहे: शोधशब्दातला टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, आणि तुकडा जुळला तरी उत्तर ‘खरं’च. पूर्ण शब्द हवा तर आधी कॅरेट, शेवटी डॉलर. साध्या तुलनेला मी लोअर-केसच घेतो.

डेटा मोठा असेल तर ‘की’ (झटपट शोधासाठीची सूची) बनव, आणि तिच्या ‘यूज’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्येच लोअर-केस लाव.