शरद ऋतूत गांधीलमाश्या एवढ्या अंगावर का येतात? सहलीत काय करावं?

पोळ्यातल्या अळ्या कामकरी माश्यांना गोड द्रव पाजतात. हंगामाच्या शेवटी अळ्याच उरत नाहीत, मग साखरेसाठी त्या तुमच्या सरबतावर येतात.

हातवारे करू नका, फुंकरही मारू नका. सावकाश बाजूला व्हा. चिरडलीत तर तिच्या विषातल्या गंधाने जवळच्या पोळ्यातल्या बाकीच्या चवताळतात. गोड पेयाला झाकण हवंच. पेयाच्या कॅनमधून थेट पिऊ नका, माशी आत असू शकते आणि घशात डंख बसला तर सूज श्वास अडवते. तसं झालं, किंवा अंगभर गांधी उठून चक्कर आली, तर तडक दवाखाना.

सापळा सोपा: प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापून उलटा बसवा. आत जॅम कालवलेलं पाणी, चमचाभर व्हिनेगर (मधमाश्या लांब राहतात) आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसेल तर माशी पाण्यावर तरंगून निसटते. बाटली जेवणापासून पाच-सहा मीटर दूर ठेवा. जवळ ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

भिंतीतल्या पोळ्याचं भोक मात्र बुजवू नका. त्या आतून कुरतडत घरात निघतात.