बॅज दिले, पण पडताळणी होईना

प्रश्न : आमचा गट मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करतो. योगदान देणाऱ्यांना ओपन बॅज (कामाची डिजिटल प्रमाणपत्रं) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, पण पडताळणीत माहितीच सापडत नाही. असं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ओपन बॅज म्हणजे नुसतं चित्र नव्हे. पीएनजी फाइलच्या पोटात तो कुणी, कुणाला, कधी आणि कशासाठी दिला याची नोंद असते. फोटो म्हणून पाठवलात की व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं आणि ती नोंद गळते. तोच बॅज ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नोंद तुमच्या संकेतस्थळावरून तपासली जात असेल, तर डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं, नूतनीकरण अजिबात चुकवू नका. बॅज कशासाठी हे सांगणाऱ्या निकषात ‘उत्तम सहकार्य’ असं मोघम नको. ‘तपासून स्वीकारलेली 50 वाक्यं’ असं लिहा, पुराव्याला कामाचा दुवा जोडा. आणि बॅज देताना चुका कळवणाऱ्यांना विसरू नका, कोडच्या इतिहासात (बदलांच्या नोंदीत) त्यांचं नाव बहुधा येतच नाही.