पेटी तुमची, पण फोटो कोणाचे?

प्रश्न : नामांतर आंदोलनातल्या सभांची पत्रकं, फोटो आणि बत्तीस कॅसेट बाबा एका पेटीत ठेवून गेले. सगळ्यांना पाहता यावं म्हणून मी स्कॅन करून इंटरनेटवर टाकू लागले. आता १९७९च्या लाँग मार्चचे फोटो काढणाऱ्या, दिवंगत फोटोग्राफरच्या मुलाची नोटीस आली आहे : फोटो इंटरनेटवरून हटवा, भरपाई द्या. फोटोंमागे त्या फोटोग्राफरच्या स्टुडिओचा शिक्का आहे. काय करू? – एक वाचक, इंदोरा, नागपूर

ताई, नोटिशीच्या धास्तीने पेटीतलं काही फाडू नका, स्कॅनही पुसू नका. वादातले फोटो तेवढे तूर्त लोकांना दिसणार नाहीत असे ठेवा.

फोटोंमागे स्टुडिओचा शिक्का आहे म्हणता. शिक्का म्हणजे सातबारा नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. उलट करार नसेल तर. म्हणून पेटीत आंदोलन चालवणाऱ्या कृती समितीच्या हिशोबाची वही शोधा. ‘फोटो खर्च’ अशी एखादी नोंद, पावतीचा एखादा चिटोरा सापडला तर मुलाचा दावा लंगडा पडतो. वही ३० वर्षांहून जुनी आहे. ती योग्य ताब्यातून आली, तर अक्षर ज्याचं म्हटलं जातं त्याचंच आहे, असं न्यायालय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली गृहीत धरू शकतं. तेव्हा पेटी तुमच्याकडे केव्हा, कशी आली ते आजच लिहून ठेवा.

मात्र पैसे समितीने दिले, तर हक्कही समितीचा, तुमचा नाही. आणि फोटोग्राफरने स्वतःहून काढले असतील, तर हक्क त्याच्या वारसांचा आहे आणि तो अजून संपलेला नाही. अशा वेळी कोर्टापेक्षा चहा स्वस्त. मुलाला सांगा, तुमच्या वडिलांचं नाव प्रत्येक फोटोखाली देऊ आणि विनामोबदला वापराची परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘हो’ला कायद्यात किंमत नाही.

कॅसेटचं दुहेरी आहे. ध्वनिमुद्रण बाबांनी केलं असेल तर तो हक्क तुम्हा सगळ्या भावंडांचा, पण भाषणाचा हक्क वक्त्याचा, त्याच्या पश्चात ६० वर्षं वारसांचा. कॅसेटची प्रत मात्र लवकर काढा. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या पेटीत फीत टिकत नाही.

लेखकाचं नाव नसलेल्या पत्रकांवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९७९ची पत्रकं २०३९ अखेरपर्यंत. हक्क सांगायला कोणी येईल असं मला वाटत नाही.

नोटिशीचं उत्तर मुदतीत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने जाऊ द्या. वही सापडली तर त्या पानाचा फोटो मला पाठवा. वही घराबाहेर काढू नका.