डोंगर आधी की समुद्र? मे महिन्याच्या सुट्टीचे तुमचे प्रश्न

एप्रिल लागला की माझ्याकडे एकाच छापाचे प्रश्न सुरू होतात, थोडा डोंगर थोडा समुद्र, सगळं एका आठवड्यात, आणि आजीचे गुडघेही सांभाळायचेत. यावेळी त्यातले सहा घेतलेत.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे. सासू ७०, सासरे ७६, आम्ही दोघं, मुलं ५ आणि ९ वर्षांची. मे मध्ये ६ दिवस आहेत. महाबळेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि जमलं तर मालवण असं ठरवलंय, स्वतःची गाडी आहे. जमेल ना?

ताई, जमेल, पण त्याला सुट्टी म्हणणार नाही मी. मालवण आधी खोडा, दापोलीहून मालवण म्हणजे अख्खा दिवस गाडीत आणि परत ठाण्याला यायचंय ते वेगळंच. गणपतीपुळेपण खोडा. सहा दिवसांत दोनच मुक्काम, महाबळेश्वर दोन रात्री आणि दापोलीकडे तीन, झाला प्लॅन. अगदीच राहवत नसेल तर दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे धोपाव्याला उतरा, गुहागरला दुपारचं जेवा आणि संध्याकाळपर्यंत परत या, पोरांना ती बोटच जास्त आवडते बघा.

आता आधी डोंगर की आधी समुद्र, यावर माझं सरळ मत आहे, गाडीत ज्याची कुरकुर सगळ्यात जास्त होणार त्याच्या हिशोबाने ठरवायचं. लहान मुलं असतील तर डोंगर आधी. एकदा समुद्र बघितला की त्यांना कुठल्याही पॉइंटवर नेलं तरी "इथे काय आहे" एवढंच ऐकायला मिळतं. फक्त म्हातारी माणसं असतील तर उलटं करते मी, आधी कोकणातला घाम काढून घ्यायचा आणि मग दोन रात्री वर गारव्यात शांत झोपायचं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, पण पाच वर्षांचं पोर सासऱ्यांपेक्षा जास्त ओरडणार, तेव्हा डोंगर आधी.

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, मे मध्ये दुपारी ऊन लागतंच पण रात्री शाल लागते. दुपारी हॉटेलवर लोळा, सकाळी लवकर आणि संध्याकाळी बाहेर पडा. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जा, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या तिथे उगम पावतात असं मानतात. स्ट्रॉबेरीच्या मागे लागू नका, मे मध्ये तिचा शेवट असतो, आणि खाली आंबा वाट बघतोय. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा, प्रतापगड याच वाटेवर आहे. चारशेहून जास्त पायऱ्या आहेत, सासऱ्यांना खाली सावलीत ताक घेऊन बसू द्या, "मला नेलं नाही" म्हणतील दोन दिवस, पण गुडघे वाचतील. पुढे खेडवरून दापोली, महाबळेश्वरपासून एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, थांबत थांबत पाच तास धरा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मात्र सगळे जाऊ शकता, गाडी वरपर्यंत जाते आणि वरून समुद्र आणि माडांच्या बागा दिसतात. आणि एका संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, यासाठी तिकीटबिकीट काही नाही.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, घाट लागला की उलट्या. मागच्या वर्षी अर्ध्यातून परत आलो. काय करू?

उलटीची गोळी घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो, निघायच्या आधी अर्धा-एक तास पोटात जायला हवी, आणि सात वर्षांच्या मुलीला कुठली आणि किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर देऊ नका. बाकीचं सांगते. उपाशीपोटी नेऊ नका, मिसळ खाऊनही नेऊ नका, कोरडी पोळी किंवा भाकरी-गूळ बरा. मोबाइल पूर्ण बंद, कारण मान खाली घालून स्क्रीन बघितली की डोळ्यांना सगळं स्थिर वाटतं आणि कानाला वळणं कळत राहतात, त्या भांडणातूनच मळमळ होते. मागच्या सीटवर मध्ये बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, काच थोडी खाली, तोंडात आवळा सुपारी. आणि बाबांना सांगा, सगळ्यात मोठं औषध त्यांच्याच पायात आहे. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत नाही बसायचं, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. माझ्या भाच्याची मळमळ ड्रायव्हर बदलल्यावर थांबली, काय बोलणार.

प्रश्न : मुलांना समुद्रात सोडायला भीती वाटते. भरती-ओहोटी कशी ओळखायची? रिसॉर्टवाल्याला विचारलं तर म्हणाला काही होत नाही.

"काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या काकांना विचारा, ते सांगतील कुठे उतरायचं आणि कुठे नाही.

हिशोब सोपा आहे आणि कोकणात जुन्या लोकांना तोंडपाठ असतो. कॅलेंडरमध्ये तिथी बघा, तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. म्हणजे षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात, त्या दिवसांत उधाणाचं पाणी, जोर जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुलांचा डुंबायचा टाइम ठरवायला पुरतं.

मी मुलांना पाणी चढत असताना सोडते, उतरत असताना नाही, उतरतं पाणी आत ओढतं. गुडघ्याच्या वर नाही, आणि मोठं माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहणार, किनाऱ्यावर बसून फोटो काढणार नाही. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ अजिबात नको. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तर मुलांना नेमका तिथेच घेऊन जातात लोक, आणि बऱ्याचदा पाणी आत परत जायची वाट तीच असते. कोणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं.

आणि गाडी वाळूत घालू नका हो. हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगतेय. आम्ही घातली होती, चाकं रुतली, पाणी चढायला लागलं आणि शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली, नवरा अजून त्या विषयावर बोलत नाही.

प्रश्न : गाडी नाही, ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही. डोंबिवलीहून चौघं. डोंगर-समुद्र दोन्ही होईल का?

होईल की, आणि कदाचित गाडीवाल्यांपेक्षा मजेत. तुम्ही महाबळेश्वर सोडा आणि आंबोली धरा. कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून एसटीने मालवण, तीन रात्री. मग सावंतवाडी आणि तिथून आंबोली, घाटाने ३० किलोमीटर, कोल्हापूर-बेळगावकडे जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात. परतीची ट्रेन सावंतवाडीहून. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), आणि मे ची तिकिटं बघता बघता संपतात, तेव्हा तारीख ठरवून सकाळी ८ ला मोबाइल हातात ठेवून बसा. दिवसाची मांडवी एक्स्प्रेस मिळाली तर रात्रीच्या गाडीपेक्षा तीच घ्या, बोगदे आणि पूल बघत मुलांचा वेळ जातो. राज्यात एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, बरोबर ७५ च्या वरचं कोणी असेल तर त्यांना फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, कोकणात उपाशी राहू का?

उलट जास्त जेवाल. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, घावन, आंबोळी, सोलकढी, वर आमरस. फक्त घरगुती खानावळीत दुपारचं सकाळी आणि रात्रीचं दुपारी सांगावं लागतं, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. भांडी वेगळी हवी असतील तर बुकिंगच्या फोनवरच विचारा, ताटावर बसून नको.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो, मुलांना सुट्टी जूनअखेरीपासून. त्यांना कोकणातला समुद्र दाखवायचाय.

दाखवा, पण लांबून. कोकणात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचतो, जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी आणि स्कूबा मे अखेरीलाच थांबतात. पोहणं तर विसराच. वेंगुर्ल्याला एक रात्र राहा, पडवीत बसून खवळलेला समुद्र बघा, तेही कमी नाही. बाकीचे दिवस आंबोलीला द्या, दोन्हींत जेमतेम ६० किलोमीटर अंतर आहे. रविवारी धबधब्यावर जाऊ नका, जत्रा असते, मंगळवार-बुधवार बघा. आणि रात्री तिथल्या जाणत्या गाइडबरोबर टॉर्च घेऊन बेडूक बघायला जा, आंबोली टोड नावाचा छोटासा प्राणी जगात फक्त त्याच भागात सापडतो, अमेरिकेत वाढलेल्या पोरांना हे फार भारी वाटतं. हात लावू देऊ नका. आणि पायात जाड मोजे, खिशात मिठाची पुडी, जळवा असतात.